जकात रमजानची, गरज बारा महिन्यांची

रमजानचे वीस रोजे पूर्ण होत आले की जालन्यातल्या किराणा दुकानांसमोर एकसारख्या पिशव्यांची थप्पी लागते. आटा, साखर, तेल, डाळ, तांदूळ, खजूर आणि ईदच्या शीरखुर्म्यासाठी शेवया. कुणी पन्नास पिशव्या सांगतो, कुणी शंभर. असरची नमाज झाली की मोटारसायकलवर, रिक्षात, हातगाड्यावर त्या मोहल्ल्यांमध्ये पोहोचतात. शेवटच्या दहा दिवसांत ज्याच्या दारावर कुणाची थाप पडली नाही, असे गरिबाचे घर सापडणे अवघड.

या पिशव्या भरणारे सगळे श्रीमंत असतात असे नाही. त्यात मोंढ्यातला छोटा व्यापारी असतो, एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात पर्यवेक्षक झालेला तरुण असतो, आखाती देशातून पैसे पाठवणारा कुणाचा भाचा असतो आणि आपल्या दागिन्यांची जकात काढणारी शिक्षिकाही असते. कुणी त्यांना नोटीस पाठवलेली नसते. मनाला वाटते म्हणून, अल्लाहला जाब द्यायचा आहे म्हणून ते देतात. या देण्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

तरीही एक प्रश्न दर रमजानात सतावतो. दरवर्षी इतकी जकात निघते, मग तीच घरे पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पिशवीची वाट पाहत का असतात?

अकरा पिशव्या आणि एक हप्ता

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला एक मुलगा होता. हिशेबात हुशार. ऑगस्टमध्ये त्याचे येणे थांबले. मित्रांकडे चौकशी केली, तर तो टायरच्या दुकानात कामाला लागल्याचे कळले. एका संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडील हातगाडीवर भंगार गोळा करायचे. दीर्घ आजारात ते गेले होते. आई पिको-फॉल आणि शिलाईचे काम करते. धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती.

आईने चहा ठेवला आणि आपल्या दखनीत म्हणाली, “सर, रमजान में तो सब याद करते. अकरा किट आए थे घर में. दो थैली आटा मैंने दुकान पे वापस बेच दिया. बाद में कोई नै पूछता.”

आटा का विकावा लागला? नवऱ्याच्या उपचारासाठी तिने मोहल्ल्यातल्या महिलांच्या गटातून एका कंपनीचे कर्ज घेतले होते. हप्ता आठवड्याला 700 रुपये. अशा गटकर्जात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांवर भार येतो. त्यामुळे वसुलीच्या दिवशी कंपनीच्या माणसाआधी शेजारणीच दारात येऊन बसतात. त्या शेजारणीही तितक्याच गरीब. अशा वेळी तोंड लपवायला जागा नसते. मुलाने शिक्षण सोडले ते या हप्त्यासाठी. कॉलेजच्या फीची पाळीच आली नाही.

परत येताना मी मनात हिशेब मांडला. एका पिशवीची किंमत 1,300 रुपये धरली, तर अकरा पिशव्यांचे झाले 14,300. आठवड्याला 700 प्रमाणे वीस हप्त्यांचे होतात 14,000. म्हणजे त्या घरापर्यंत पैसा पोहोचलाच नव्हता, असे म्हणता येत नाही. पोहोचला होता, पण आट्याच्या रूपात, एकाच महिन्यात आणि अकरा वेगवेगळ्या हातांनी. त्या अकरा जणांपैकी एकालाही उरलेल्या दहा जणांची माहिती नव्हती.

मूळ रचना काय सांगते

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. जकात ही ऐच्छिक भीक नाही. ती नमाज आणि रोजासारखीच इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची रोकड आणि विक्रीचा माल ज्याच्याकडे आहे, त्याला ‘साहिबे निसाब’ म्हणतात. अशा संपत्तीवर चांद्र वर्ष उलटले की तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, काढून द्यायचा. राहते घर, अंगावरचे कपडे, कारागिराची अवजारे यात धरत नाहीत. फितरा वेगळा, तो ईदच्या नमाजेपूर्वी माणशी द्यायचा असतो, जेणेकरून ईदच्या दिवशी कुणी उपाशी राहू नये. सदका म्हणजे मनापासून दिलेले कोणतेही दान.

जकात कुणाला द्यायची, याची यादी कुरआनच्या सूरह तौबामध्ये आहे. ती आठ जणांची आहे. फकीर आणि मिस्कीन म्हणजे निर्धन व गरजू हे पहिले दोन. त्यानंतर लगेच येतात ते जकात गोळा करणारे आणि तिचा कारभार पाहणारे कर्मचारी. पुढे ज्यांची मने जोडायची आहेत ते, गुलामीत अडकलेले, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले कार्य आणि वाटेत अडकलेला मुसाफिर.

या यादीत दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, कारभार पाहणाऱ्यांचा पगार जकातीतूनच द्यायची सोय आहे. म्हणजे जकात एकट्याने खिशातून काढून वाटण्याऐवजी तिला एक व्यवस्था असावी, हे सुरुवातीपासून गृहीत धरलेले दिसते. दुसरी, कर्जबाजारी माणसाचा उल्लेख वेगळा केला आहे. गरिबीची एक जात अशी असते की घरात धान्य असते, पण गळ्याभोवती देणे असते. आपल्या शहरातली जकात बहुतेक पहिल्या दोन खात्यांवर संपते. कर्जाच्या खात्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

एक हदीस सर्वांना ठाऊक आहे. एक गरजू माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आला. घरात काय आहे, अशी विचारणा झाली. एक जाड कापड आणि पाणी प्यायचे भांडे, एवढेच होते. प्रेषितांनी त्या दोन वस्तूंचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न घ्यायला सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला लावली. कुऱ्हाडीला दांडा स्वतःच्या हाताने बसवून दिला आणि लाकडे तोडून विकायला त्याला पाठवले. काही दिवसांनी तो आला तेव्हा त्याच्या हातात कमाई होती.

एक दिरहम आजच्या पोटासाठी, एक उद्याच्या कमाईसाठी. आपण पहिला दिरहम पुन्हा पुन्हा देतो. दुसरा राहून जातो.

त्यात काळही बदलला आहे. जानेवारी 2023 पासून रेशनचे धान्य मोफत मिळते. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. ज्यांचे कार्ड नाही किंवा ज्यांचे नाव कटले आहे, त्यांची अडचण खरी आहे. पण बाकीच्या घरांमध्ये आता धान्यापेक्षा घरभाडे, औषध, वीजबिल, फी आणि हप्ता यांचा घोर मोठा आहे. गरज बदलली, पिशवी मात्र तीच राहिली.

चंद्राचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

आणखी एक गोष्ट आपल्या फारशी लक्षात येत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. शाळा-कॉलेजचे वर्ष जागचे हलत नाही; ते जूनमध्येच सुरू होते.

2016 आणि 2017 साली रमजान जूनच्या आसपास होता. तेव्हा कुणी फारसा विचार न करताही जकातीतून वह्या-पुस्तके आणि प्रवेश शुल्क निघून जायचे, कारण जकात हातात यायची तेव्हाच शाळा उघडायची. आता रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे. दहावी-बारावीची मुले रोजा ठेवून किंवा सहेरी करून परीक्षेला जातात. निकाल आणि प्रवेशाची वेळ येईपर्यंत ईद होऊन दोन-तीन महिने उलटलेले असतात. देणाऱ्यांचे हात रिकामे झालेले असतात आणि मागणाऱ्याला संकोच वाटतो. हे अंतर पुढची काही वर्षे वाढतच जाणार आहे. 2030 साली तर रमजान दोनदा येईल, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

म्हणून रमजानमध्ये गोळा झालेला पैसा जूनपर्यंत, ऑक्टोबरपर्यंत जपून, नोंद ठेवून नेणारी व्यवस्था आता आवश्यक झाली आहे. एकट्या-दुकट्या दात्याला हे जमत नाही. ते बैतुलमालचे, म्हणजे सामाईक निधीचे काम आहे.

यावर एक शंका घेतली जाते : जकात अडवून ठेवणे योग्य आहे का? त्याला उत्तर आहे. ज्याच्याकडे निसाबइतकी संपत्ती आहे, त्याने पुढच्या वर्षाची जकात आगाऊ, थोडी थोडी करून दिली तरी चालते, असे हनफी फिक्ह सांगते. वर्षाअखेरीस हिशेब करून कमी पडलेली रक्कम भरायची. म्हणजे पगारदार माणूस दरमहा हजार-दोन हजार देऊ शकतो. ते त्या-त्या महिन्यात गरजूच्या हातात पडतात, कुठे अडून राहत नाहीत आणि मदतही बारा महिने सुरू राहते.

योजना आहेत, वाट सापडत नाही

कुणी म्हणेल, शिक्षणासाठी सरकार आहे ना? आहे, आणि सरकारची जबाबदारी जकातीने आपल्या अंगावर घेऊ नये, असेच माझे मत आहे. पण चित्र नीट पाहिले पाहिजे.

सच्चर समितीने 2006 साली सांगितले होते की देशातल्या 6 ते 14 वयोगटातल्या मुस्लिम मुलांपैकी चौथा हिस्सा एकतर शाळेत गेलाच नव्हता किंवा मधूनच बाहेर पडला होता. त्यानंतर अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या आल्या. 2022 मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली. शिक्षण हक्क कायद्यात हे शिक्षण मोफत आहेच, असे कारण दिले गेले. त्याच वर्षी संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही थांबली. दुसरीकडे, 2024 पासून राज्य सरकारने वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ही मोठी गोष्ट आहे. पण वसतिगृह, मेस आणि प्रवास यांचा खर्च त्यात येत नाही, आणि कागद नसतील तर माफीही मिळत नाही.

खरी फट कागदांचीच आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या आईचेच उदाहरण घ्या. निराधार विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला 1,500 रुपये मिळू शकतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे. वडील गेलेल्या अठरा वर्षांखालील मुलासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये आहेत. शाळकरी दोन मुले असलेल्या निराधार विधवेला या दोन्ही योजना मंजूर झाल्या, तर महिन्याचे 6,000 आणि वर्षाचे 72,000 रुपये होतात. कोणतीही जकात पिशवी याच्या जवळपास पोहोचत नाही.

मग हे पैसे का मिळत नाहीत? मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, शाळेचे बोनाफाईड. एका कागदावर नाव ‘शेख’, दुसऱ्यावर ‘शेक’. तिसऱ्या फेरीला रोजंदारी बुडते आणि बाई प्रकरण सोडून देते. अनुदान मंजूर झाले तरी ते दरमहा वेळेवर येतेच असे नाही. पण अर्जच केला नाही, तर उशिराही काही येत नाही.

इथे आठ जणांच्या यादीतला तो तिसरा, कारभार पाहणारा कर्मचारी आठवतो. एखाद्या मोहल्ल्याने आपल्या निधीतून एका पदवीधर मुलीला किंवा मुलाला मानधन देऊन फक्त कागदांच्या कामाला ठेवले, तर दहा घरांत मिळून वर्षाला काही लाख रुपये सरकारी तिजोरीतून हक्काने येतील. हा अर्जाचा खटाटोप हीही मदतच आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत स्वस्त मदत तीच आहे.

शेजाऱ्यांनी केलेले प्रयोग

हे सगळे स्वप्नरंजन नाही. जुन्या हैदराबाद संस्थानात जालना औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि हैदराबादशी आपली नाती अजून टिकून आहेत. त्या शहरात 1992 साली गियासुद्दीन बाबूखान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद जकात अँड चॅरिटेबल ट्रस्ट सुरू केला. वेगवेगळ्या खिशांतून निघणारी जकात एका ठिकाणी आणायची आणि ती प्रामुख्याने शिक्षणावर, त्याबरोबर विधवा व निराधारांच्या मदतीवर खर्च करायची, ही त्यामागची कल्पना. ग्रामीण भागातल्या शाळांना आधार, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या आणि विकाराबादजवळ गरीब पण हुशार मुलांसाठी निवासी संस्था, असा हा विस्तार झाला. तीन दशके टिकला, याचे कारण एका रमजानचा उत्साह नव्हे, तर वर्षभर चालणारे कार्यालय आणि ठेवलेला हिशेब.

दुसरे उदाहरण मराठवाड्याचेच. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर धान्याच्या आणि कपड्यांच्या गाड्या सगळीकडून आल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने त्यापुढे जाऊन भूकंपग्रस्त भागातली 1,200 मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ब्लँकेट एका हिवाळ्याला पुरते. शाळेची जबाबदारी घेणाऱ्याला दहा-बारा वर्षे सोबत राहावे लागते.

2015 च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी नाम फाउंडेशन उभे केले. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींना 15,000 रुपयांचे धनादेश देण्यापासून सुरुवात झाली. पुढे नाले, तलाव यांच्या खोलीकरणाकडे काम वळले. कारण धनादेश आजचे दुःख हलके करतो, पण पुढच्या उन्हाळ्याचे पाणी त्यातून येत नाही. बीड जिल्ह्यात आर्वी इथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचा शांतिवन प्रकल्प ऊसतोड कामगारांच्या मुलांना, आईवडील कारखान्यावर गेले तरी, शाळेत टिकवून ठेवतो. आपल्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातूनही कोयता घेऊन जाणारी कुटुंबे आहेत. त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

यातल्या कुणी जकात म्हणून दिले, कुणी दान म्हणून, कुणी वर्गणी म्हणून. धर्म वेगवेगळे, पण सर्वांना एकच अनुभव आला. एका दिवसाची मदत घरापर्यंत पोहोचते. घर उभे राहते ते वर्षभराच्या सोबतीने.

पाच जणांची जकात, एका घराचे वर्ष

आता आपल्या मापाचा हिशेब करू. दहा लाखांची शिल्लक आणि माल असलेल्या दुकानदाराची जकात 25,000 रुपये होते. ती पाचशे-पाचशे करून पन्नास जणांना दिली, तर पन्नास जणांची ईद थोडी गोड होते. असे पाच दुकानदार एकत्र आले, तर 1,25,000 रुपये होतात. उदाहरणादाखल त्याची वाटणी अशी करता येईल : महिन्याला 2,500 प्रमाणे वर्षाचा किराणा 30,000, दोन मुलांच्या शिक्षणाला 25,000, जाचक कर्ज एकरकमी फेडायला 40,000, शिलाई मशीन, हातगाडी किंवा दुकानाच्या मालासाठी 20,000, आजारपणासाठी राखून 10,000.

एक घर, एक वर्ष. पुढच्या वर्षी त्या घराला कदाचित फक्त फीची मदत लागेल. त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित काहीच नाही. आणि तेव्हा त्या पाच जणांचा निधी दुसऱ्या घराकडे वळेल. पाच वर्षांत पाच घरे रांगेतून बाहेर पडली, तरी एका गल्लीचे चित्र बदलते.

मग पन्नास जणांचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळू इच्छित नाही. म्हाताऱ्या, एकट्या, आजारी माणसाला पाचशे रुपयांबरोबर दारात आलेला माणूसही हवा असतो. गरजू नातेवाइकाचा हक्क पहिला, हेही धर्म सांगतो. त्यामुळे सगळी जकात निधीत घाला, असे मी म्हणणार नाही. फितरा आणि जकातीचा काही भाग आज चालतो तसाच चालू द्या. उरलेला भाग, निम्मा नाही तर चौथा हिस्सा तरी, एकत्र आणा. सुरुवातीला तेवढेही पुरे.

विश्वासाचा प्रश्न

लोक निधीत पैसे घालायला कचरतात, आणि त्यांचे कारणही खोटे नाही. रमजानमध्ये पावतीपुस्तके घेऊन येणारे अनेक असतात. पुढे त्या पैशांचे काय झाले, ते वर्षभर कळत नाही. कुठे निधी स्थापन होतो आणि दोन वर्षांत अध्यक्षपदावरून फुटतो. मदत देताना फोटो काढला जातो आणि तो मोबाइलवर फिरतो. मग त्या घरातली मुलगी आठवडाभर शाळेत जात नाही. हे मी पाहिले आहे.

यावरचे उपाय साधे आहेत. महाराष्ट्रात 1950 पासून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, दरवर्षी लेखापरीक्षण करा. जमा आणि खर्चाचा एक पानाचा ताळेबंद मशिदीच्या फलकावर लावा. मदत घेणाऱ्याचे नाव मात्र कधीच नाही, फक्त घरांची संख्या आणि कारण. समितीत महिला असायलाच हव्यात, कारण घरातली खरी अडचण बाई बाईलाच सांगते. आणि मोहल्ल्यातल्या निधींनी एकमेकांशी बोलावे, म्हणजे एका घरी अकरा पिशव्या आणि शेजारच्या घरी एकही नाही, असे होणार नाही.

एक गोष्ट माझ्या मुस्लिमेतर वाचकांनाही मोकळेपणाने सांगायला हवी. जकात मुस्लिम गरजूंनाच द्यावी, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. पण सदका आणि इतर मदतीला असे बंधन नाही. कागदांची मदत, फीसाठीचा निधी, पुस्तकपेढी, दवाखान्याची सोय हे सर्वांसाठी उघडे असू शकते आणि असावे. जिल्ह्याच्या लोकसंख्येत 2011 च्या जनगणनेनुसार मुस्लिम सुमारे 14 टक्के आहेत. पण गटकर्जाचा हप्ता आणि तहसीलची रांग यांत शेख, जाधव, साळवे आणि पवार एकत्रच उभे असतात. ज्या घरात श्रावणात अन्नदान होते किंवा पर्युषणात दान निघते, तिथेही हाच प्रश्न विचारता येईल : आपले दान सणापुरते आहे की वर्षभराचे?

‘जालना सोने का पालना’ असे आपण अभिमानाने म्हणतो. याच शहरात काही शतकांपूर्वी काली मशीद बांधणाऱ्या जमशेद खानाने मोती तलावही बांधला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी वस्तीतल्या हौदांपर्यंत आणले. तहानलेल्याला घागरभर पाणी देणे हे पुण्य आहेच. त्या माणसाने पुढचे पाहिले आणि पाणी रोज पोहोचेल अशी सोय केली. हौदावर कोण आला, हे कुणी विचारले नसावे.

तो मुलगा कॉलेजात परत आला नाही. टायरच्या दुकानात तो आता चांगला कारागीर झाला आहे, भेटला की सलाम करतो, आणि मला त्याच्याशी बोलताना अवघडल्यासारखे होते. त्याची धाकटी बहीण यंदा दहावीच्या परीक्षेला बसली आहे. तिला विज्ञान शाखेला जायचे आहे. तिचा निकाल लागेल तेव्हा ईद होऊन बरेच दिवस झालेले असतील आणि पिशव्या संपलेल्या असतील. यंदा आम्ही सात जणांनी आमच्या जकातीतला काही भाग तिच्या नावाने जूनपर्यंत बाजूला ठेवायचे ठरवले आहे. घरातल्या कर्जाचे शेवटचे हप्तेही त्यातूनच जातील. फार काही नाही, सात जणांचा एक छोटा निधी आणि एक वही.

अशा वह्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक गल्लीत निघाव्यात, हीच या मुबारक महिन्यातली दुआ. आणि त्या पुढच्या रमजानपर्यंत मिटू नयेत, हीही.